प्रार्थनेमागचे संगीतकार वसंत देसाई

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघाले, की उरुळी कांचन मागे पडल्यावर कासुर्डी लागते. पुढे यवत आणि त्याच्याही पुढे चौफुला. दौंड तालुक्याच्या या पट्ट्यातील दिवस शाळांमधील प्रार्थनेने सुरू होतो आणि रात्र चौफुल्याच्या कला केंद्रांतील ढोलकीवर चढत जाते. सकाळची प्रार्थना आणि रात्रीची लावणी या दोन जगांचा परस्परांशी संबंध आहे, असे सांगितले तर दोन्हीकडची मंडळी भुवया उंचावतील. मात्र महाराष्ट्रात आणि देशभरातील असंख्य शाळांत म्हटल्या जाणाऱ्या ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’ या दोन्ही प्रार्थनांच्या चाली ज्यांनी बांधल्या, त्यांनीच लावणी आणि तमाशाचे जग रूपेरी पडद्यावर मानाने आणणाऱ्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाला संगीत दिले होते. त्यांचे नाव वसंत देसाई.

प्रार्थना म्हणणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नसते. अनेकदा शिक्षकांनाही नसते. लोकप्रियतेच्या यादीत शंकर-जयकिशन, नौशाद, सी. रामचंद्र यांची नावे पटापट निघतात. वसंत देसाई यांचे नाव आठवायला थोडा वेळ लागतो. याचे कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यांची चाल प्रसंगात, पात्रात आणि समूहाच्या कंठात इतकी विरघळून जाते, की ती कोणी तरी बसून रचली आहे, याचा ऐकणाऱ्याला विसर पडतो.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. हा भाग तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता. देवळातील भजन, दशावतारी खेळांतील पदे, जत्रेतील रात्रभरचे जागरण हा कोकणच्या या टापूतील मुलांचा पहिला संगीतवर्ग. शिकलेल्या गवयापेक्षा ऐकून ऐकून पिकलेला कान देसाई यांच्या संगीतात जाणवतो, त्याची मुळे येथे शोधावी लागतात.

पुढची शाळा होती ‘प्रभात’. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तिच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत हा कोकणी तरुण कंपनीत दाखल झाला. आला होता नट होण्यासाठी. १९३० च्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात त्याने कामही केले. त्या काळी फिल्म कंपनीतील उमेदवाराला अमुक एक काम माझे नव्हे, असे म्हणण्याची सोय नव्हती. नटाने सामान उचलायचे, गळा असेल तर गायचे, हात रिकामा असेल तर साथीला बसायचे. देसाई यांनी हे सारे केले आणि बोलपट आल्यावर त्यांचा गळा व कान कंपनीच्या उपयोगी पडू लागला.

१९३२ मध्ये ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तारामती दुर्गा खोटे. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होई. नटाने अभिनय करता करता गायचे आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, झाडाआड वा पडद्याआड दडून साथ करायची. तबल्याचा एक ठेका जरा मोठा वाजला तर संवाद बुडे, एखादा वादक खोकला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. या बोलपटात देसाई यांनी छोटे काम केले आणि गायिलेही. संगीत आणि दृश्य ही दोन वेगळी कामे नव्हेत, हा धडा त्यांना असा प्रत्यक्ष, घाम गाळून मिळाला.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. प्रभात रस्त्याच्या बाजूचा तो स्टुडिओ म्हणजेच १९६० नंतरची फिल्म इन्स्टिट्यूट. येथे देसाई यांना एकामागून एक असे गुरू लाभले, की आजच्या कोणत्याही संगीतशाळेला हेवा वाटावा. गोविंदराव टेंबे नाट्यसंगीताच्या बहराचे साक्षीदार. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य, चाल बांधण्यात कमालीचे चपळ. आणि केशवराव भोळे यांचे वळण आणखी वेगळे. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात भोळे आणि शांताराम यांनी एक धाडस केले. प्रसंगाबाहेरून येणारे पार्श्वसंगीत त्यांनी ठेवलेच नाही. जे ऐकू येईल ते घरातील, रस्त्यावरील, त्या प्रसंगातच असलेल्या एखाद्या साधनातून यायला हवे, असा दंडक होता. संगीतकाराने कोठे गप्प बसावे, याची ही जाण देसाई यांच्या पुढील कामात वारंवार दिसते. आपल्याकडच्या चित्रपटसृष्टीत या शिकवणीचे चाहते फारसे निर्माण झाले नाहीत, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

१९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’ सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभे केले. त्याच वर्षी ‘शोभा’ या चित्रपटाद्वारे देसाई स्वतंत्र संगीतकार झाले आणि लगोलग ‘राजकमल’च्या ‘शकुंतला’ या पहिल्या चित्रपटाची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९४३ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात जयश्री यांनी शकुंतलेची भूमिका केली आणि गाणीही गायिली. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो तब्बल १०४ आठवडे चालला. तिशी नुकतीच ओलांडलेल्या देसाई यांचे नाव एका फटक्यात सर्वतोमुखी झाले. १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये जातो, तेथेच लग्न करतो आणि तेथेच देह ठेवतो, ही सत्यकथा. संगीताला सोलापूरपासून चीनपर्यंतचा पल्ला गाठायचा होता.

सोलापूरचे नाव आले, की ‘लोकशाहीर रामजोशी’कडे वळणे ओघानेच आले. पेशवाईतील हा शाहीर मूळचा सोलापूरचाच. पुराणिकाच्या घरातला, संस्कृत जाणणारा ब्राह्मण मुलगा तमाशाच्या नादाने घर सोडतो, ही त्याची कथा. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९४७ मध्ये आला. कथा-पटकथेत ग. दि. माडगूळकर, रामजोशीच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर, असा संच जमला होता.

हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली होती ती याच सुमारास. तमाशा म्हणजे अश्लीलता, असा पांढरपेशा समाजाचा समज घट्ट होता. बायकामुलांना घेऊन तमाशाला जाणे शहरी कुटुंबाला अशक्य होते. तीच कुटुंबे ‘रामजोशी’ पाहायला रांगा लावून गेली. यात देसाई यांचा वाटा मोठा. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. लावणीला नाट्यगीताचा मुलामा देऊन ती गोड करून टाकायची, किंवा तमाशाच्या फडावरचे जसेच्या तसे उचलून आणायचे. त्यांनी दोन्ही टाळले. ढोलकीचा कडकडाट, तुणतुण्याची एकसुरी तार, हलगी, झीलकऱ्यांची उंच पट्टीतील साथ हे सारे त्यांनी राहू दिले. मात्र कोणत्या क्षणी ढोलकी पुढे यावी आणि कोणत्या क्षणी शब्द, याचे माप चित्रपटाच्या प्रसंगावरून घेतले. रामजोशींची ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी घरोघरी पोहोचली ती या चित्रपटामुळे. त्यानंतर मराठीत तमाशापटांची जी लाट आली, तिचा उगम या चित्रपटात आहे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ वसंत पवारांचा आणि १९७२ चा ‘पिंजरा’ राम कदमांचा. त्यांचे श्रेय त्यांनाच. परंतु ज्या वाटेवरून ते गेले, ती वाट रुळवली होती देसाई यांनी. चौफुल्याच्या रंगमंचावर पारंपरिक बैठकीच्या लावणीबरोबर चित्रपटातील लावणी सहज नांदते. त्या सरमिसळीचा आरंभही येथेच कोठेतरी आहे.

चार वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांनी पेशवाईतील आणखी एका शाहिराला हात घातला. ‘अमर भूपाळी’ हा होनाजी बाळावरचा चित्रपट. होनाजीची ‘घनश्याम सुंदरा’ ही रचना पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात ऐकलेली नाही, असा मराठी माणूस विरळा. रेडिओच्या काळात तर ती पहाटेचीच ओळख बनली. गंमत अशी, की ही भूपाळी पूर्वापार आहे, तिची चालही पेशवाईपासून अशीच चालत आली आहे, असे अनेकांना वाटते. संगीतकाराला याहून मोठी दाद कोणती आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता! १९५२ च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचा तेथे गौरव झाला.

आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे संगीतही देसाई यांचेच. १९५३ चा हा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. वात्सल्य हा या कथेचा प्राण, आणि रडवण्याची संधी पावलोपावली. देसाई यांनी ती फारशी घेतली नाही. अलंकार कमी, शब्द स्वच्छ आणि चाल ओवीच्या वळणाची, असे हे संगीत आहे.

त्यांच्या पार्श्वसंगीताबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण त्यावर फारच थोडे लिहिले गेले आहे. गाणी रेकॉर्डवर येतात, रेडिओवर लागतात. पार्श्वसंगीत चित्रपटाबरोबर संपते. पडद्यावर मुका चित्रपट चालू असतो, समोर वादकांचा ताफा बसलेला असतो, संगीतकाराचे एक लक्ष घड्याळावर आणि एक पात्राच्या चेहऱ्यावर असते. काही सेकंदांच्या तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवावे लागते. या कामाला ना टाळ्या, ना फर्माईश. जगात सर्वत्र हीच तऱ्हा आहे. १९८५ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमची धून जगभरातील मुलांच्या तोंडी बसली. ती रचणारे, निन्तेंदो कंपनीत नोकरी करणारे जपानचे कोजी कोंडो हे नाव मात्र त्यांतल्या फार थोड्या मुलांना सांगता येते. दृश्याच्या सेवेत रुजू झालेल्या संगीतकाराचे हे प्राक्तनच असते.

१९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मधील एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. नृत्याला वाहिलेला हा रंगीत चित्रपट. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्ये, शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज, तबल्यावर सामताप्रसाद. एवढा सरंजाम असताना देसाई यांचे लक्ष एका अपरिचित वाद्यावर गेले. जम्मूहून आलेल्या शिवकुमार शर्मा या तरुणाने त्याच वर्षी मुंबईच्या मैफलीत संतूर वाजवले होते. काश्मीरबाहेर हे वाद्य तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते, आणि त्यावर शास्त्रीय संगीत वाजू शकते, हेच जाणकारांना मान्य नव्हते. शांताराम आणि देसाई यांनी त्या तरुणाला बोलावून ‘झनक झनक’च्या पार्श्वसंगीतात त्याचे संतूर वापरले. हिंदी चित्रपटातील संतूरचा प्रवेश तो हाच. पुढे या वाद्याने चित्रपटसंगीतात केवढी जागा व्यापली, हे सर्वांना ठाऊक आहे.

१९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेली ही कथा. सहा खुनी कैद्यांना भिंतीविना ठेवून, शेती करायला लावून माणसात आणू पाहणारा जेलर शांताराम यांनी रंगवला. चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. त्यातील ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ हे गीत भरत व्यास यांचे. आवाज लता मंगेशकरांचा असला, तरी चाल बांधताना देसाई यांच्या नजरेसमोर ते सहा अडाणी, राकट कैदी असले पाहिजेत, असे या चालीकडे पाहिल्यावर वाटते. तिच्यात अवघड हरकत नाही, गळा ताणावा लागेल अशी जागा नाही, दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला पुरेशी उसंत आहे. ज्याला सूर कशाशी खातात हे माहीत नाही, त्यालाही चारचौघांच्या आधाराने ती म्हणता येते. शाळांनी ती उचलली, याचे गुपित या साधेपणात आहे. लतादीदींना एकटीला खुलवता येईल अशी चाल बांधणे देसाई यांना अवघड नव्हते. तसे ते अन्यत्र करून गेलेच आहेत. येथे त्यांनी गायिकेपेक्षा समूहाला मोठे मानले.

यानंतर ‘राजकमल’चे दिवस पालटले. १९५९ चा ‘नवरंग’ शांताराम यांनी सी. रामचंद्र यांच्याकडे सोपवला. अडीच-तीन तपांचे हे नाते. मूकपटापासून ज्यांच्याबरोबर वाटचाल केली, त्यांच्या सर्वांत रंगतदार संगीतपटात आपण नाही, याची बोच कोणालाही लागली असती. देसाई यांनी त्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘गूंज उठी शहनाई’तून उत्तर दिले. बिस्मिल्ला खाँ यांची सनई प्रत्यक्ष चित्रपटात, अमीर खाँ यांची रागमाला आणि तरीही गाणी गल्लोगल्ली वाजली. शास्त्रीय संगीत पातळ न करताही लोकप्रिय करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही मागणीच्या शर्यतीत ते पुढे सरकले नाहीत. वर्षाला आठ-दहा चित्रपट घेणाऱ्यांच्या रांगेत ते कधीच नव्हते. त्यांची उपेक्षा झाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण सरसकट कोणत्याही कथेला चाल लावून देणे त्यांच्या प्रकृतीतच नव्हते, हेही तितकेच खरे. शांताराम यांच्याशी तुटलेला धागा पुढे जुळलाही. ‘इये मराठीचिये नगरी’ आणि १९६६ च्या ‘लडकी सह्याद्री की’ला संगीत देसाई यांचेच आहे.

साठच्या दशकात त्यांनी मराठी रंगभूमीला हात दिला. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांतील पदांनी संगीत नाटकाला नवे प्रेक्षक मिळवून दिले. चीनच्या आक्रमणानंतर ‘छोटा जवान’ या चित्रपटासाठी गदिमांचे ‘जिंकू किंवा मरू’ त्यांनी महेंद्र कपूर यांच्याकडून गाऊन घेतले. शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येने मैदानावर एकत्र आणून एका सुरात गायला लावण्याचा उद्योगही त्यांनी मनापासून केला. चित्रपटसंगीतकाराच्या कारकिर्दीत अशा कामाला काही मोल नसते.

फार कमी जणांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गायिल्या. तेथे त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत सादर केले. विश्वमैत्रीचे आवाहन करणारे हे गीत दक्षिणेत आजही सभासमारंभांत गायिले जाते. कर्नाटक संगीताच्या सम्राज्ञीच्या कंठातील या गीताची चाल सोनवड्याच्या वसंत देसाई यांची आहे.

उतारवयात त्यांच्याकडे हृषीकेश मुखर्जी आले. १९६८ च्या ‘आशीर्वाद’मध्ये अशोककुमार यांनी म्हटलेले आगगाडीचे गाणे ऐकावे. चाल म्हणावी की बोलणे, असा प्रश्न पडतो. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या शब्दांचाच ठेका धरून त्यांनी गाडी पळवली आहे. १९७१ च्या ‘गुड्डी’साठी त्यांनी वाणी जयराम या नव्या गायिकेला पुढे आणले. कुमार गंधर्वांबरोबर ‘ऋणानुबंधाच्या’ हे मराठी पद त्यांनी तिच्याकडून आधीच गाऊन घेतले होते. मियाँ मल्हारातील ‘बोले रे पपीहरा’ने ती घराघरांत पोहोचली. आणि त्याच चित्रपटात शाळेच्या प्रांगणात, उशिरा पोहोचलेल्या गुड्डीच्या साक्षीने सुरू होते ती गुलजार यांची प्रार्थना, ‘हमको मन की शक्ति देना’. केदार रागाच्या छायेतील ही चाल पडद्यावरील शाळेतून खऱ्या शाळांत कधी गेली, ते कोणाला कळलेही नाही.

‘यादें’ आणि ‘अचानक’ या दोन चित्रपटांचा उल्लेख टाळता येणार नाही. १९६४ च्या ‘यादें’मध्ये पडद्यावर एकटा सुनील दत्त, घर रिकामे, बोलायला समोर कोणी नाही. १९७३ च्या गुलजार यांच्या ‘अचानक’मध्ये एकही गाणे नाही. हिंदी चित्रपटसृष्टीत गाणे नसलेला चित्रपट स्वीकारणे म्हणजे संगीतकाराने आपले चलनी नाणे सोडून देणे. देसाई यांनी तो स्वीकारला. ‘कुंकू’च्या काळात पुण्यात शिकलेला शांततेचा धडा छत्तीस वर्षांनी असा उपयोगी पडला.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील घरी परतले. राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा जागीच अंत झाला. वय त्रेसष्ट वर्षांचे होते आणि हातात काम होते. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ हा चित्रपट त्यांच्या पश्चात, १९७६ मध्ये प्रदर्शित झाला.